थॅकरे हे इंग्रजी आडनाव मूळचे कुठले? आपल्या ठाकऱ्यांशी त्याचे काही नाते आहे का?

वाचनवेल, इंदूर

सगळ्यांना नमस्कार. रामबागेतल्या आमच्या अभ्यासमंडळातली नववी-दहावीची मुले ‘आडनावांचा प्रवास’ या विषयावर भित्तिपत्रक करत आहेत. होळकर आणि आंबेडकर ही नावे इंदूर-महूची म्हणून ओघानेच आली. एका गटाने मात्र ‘थॅकरे’ घेतले आहे, कारण त्यांच्या हाती एक फिरता संदेश लागला आहे. त्यात तीन दावे आहेत. थॅकरे म्हणजे छपरे शाकारणारा, हा पहिला. इंग्रज थॅकरे आणि मराठी ठाकरे एकाच कुळातून फुटले, हा दुसरा. कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे यांचे त्याच आडनावाचे वंशज आजही आहेत, हा तिसरा.

भिंतीवर चुकीचे काही लागू नये, म्हणून विचारते. या नावाचे मूळ गाव कोणते? तिथून ही माणसे हिंदुस्थानापर्यंत कशी पोचली? आणि मुलांना घरच्या संगणकावर स्वतः काय काय पडताळता येईल? घराण्याचे मानचिन्ह म्हणून ढालीचे एक चित्रही मुलांनी आणले आहे. ते लावावे का?

नाममूळ, वडोदरा

ताई, तिन्ही दावे चुकीचे आहेत. पण पहिला अर्धाच चुकला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

‘थॅक’ म्हणजे शाकारणीचे गवत, एवढे बरोबर. जुन्या नॉर्स भाषेत ‘थाक’ म्हणजे छपरावर घालायचे गवत किंवा लव्हाळे. उत्तर इंग्लंडात नवव्या-दहाव्या शतकांत डेन आणि नॉर्वेकडचे लोक येऊन राहिले, त्यामुळे तिकडच्या बोलीत ‘क’ टिकला आणि दक्षिणेत ‘च’ झाला. दक्षिणेत ‘चर्च’, उत्तरेत ‘कर्क’, तसेच दक्षिणेत ‘थॅच’ आणि उत्तरेत ‘थॅक’. छपरे शाकारणाऱ्या माणसाचे आडनाव दक्षिणेत थॅचर झाले, उत्तरेत थॅकर. संदेश लिहिणाऱ्याने थॅकर आणि थॅकरे एकच धरले आहेत.

थॅकरेचा दुसरा तुकडा वेगळा आहे. तो ‘व्रा’, म्हणजे नॉर्समध्ये कोपरा, सांदीतली जागा. दोन्ही जोडले की अर्थ होतो ‘शाकारणीचे लव्हाळे उगवते तो कोपरा’. म्हणजे हे धंद्याचे नाव नाही, जागेचे आहे. होळ गावचे ते होळकर, त्याच जातीचे हे आडनाव. फक्त त्यांच्याकडे ‘कर’ जोडण्याची रीत नाही, गावाचे नाव तसेच माणसाला लागते. कंबरलँडमधल्या डॉक्रे या गावावरून आलेल्या डॉक्रे आडनावातही शेवटी हाच ‘व्रा’ आहे, आणि रे किंवा व्रे असे नुसते आडनाव असते त्यातही.

ही जागा यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागात होती. ग्रेट टिंबल गावाच्या हद्दीत, फ्यूस्टन पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला मुलूख) थॅक्रे नावाची छोटी वस्ती होती. वॉशबर्न नावाची नदी तिथून वाहत पुढे व्हार्फ नदीला मिळते. १८७० च्या दशकात लीड्स शहराला पाणी पुरवण्यासाठी या खोऱ्यात फ्यूस्टन, स्विन्स्टी असे जलाशय बांधले गेले, आणि वस्तीची जागा फ्यूस्टनच्या पाण्याखाली गेली. मुले आजच्या नकाशात थॅक्रे शोधत बसतील आणि ‘असे गावच नाही’ म्हणून सोडून देतील, ते होऊ देऊ नका. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने सर्वेक्षण नकाशे फुकट पाहता येतात. त्यात यॉर्कशरचा एका मैलाला सहा इंच या मापाचा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा नकाशा उघडा. शेजारी आजचे उपग्रहचित्र ठेवा. एकीकडे शेते आणि वाहती नदी, दुसरीकडे तिथेच निळे पाणी. भित्तिपत्रकावर हीच दोन चित्रे शेजारी शेजारी लावा, मुलांना आडनाव कायमचे लक्षात राहील.

एक गोष्ट मराठी वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. ‘थॅक’ ज्या धातूपासून आला त्याच मूळ धातूशी लॅटिनमधला ‘तेगेरे’ म्हणजे झाकणे आणि संस्कृतातला ‘स्थगति’ म्हणजे झाकतो, हे शब्द जोडले जातात. म्हणजे आपली ‘स्थगिती’ आणि यॉर्कशरचे गवती छप्पर फार दूरचे भाऊबंद आहेत. पण हे नाते भाषेचे आहे, कुळाचे नाही. दुसरा दावा नेमका इथे घसरतो.

मोडीवाचक, ग्वाल्हेर

नाममूळ दादांनी पहिल्याचा निकाल लावला, दुसऱ्याचे मी सांगतो.

ठाकरे हे मराठी आडनाव ठाकूर, ठक्कर यांच्या जवळचे. मध्ययुगात ‘ठक्कुर’ ही मानाची पदवी होती, तिच्याशी ही सगळी नावे जोडली जातात. थॅकरेत ‘गवत’ आणि ‘कोपरा’, ठाकरेत पदवी. उच्चार जवळ आला हा निव्वळ योग.

मग इंग्रजीत दोन्हींचे स्पेलिंग एक कसे? ते केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार, यांच्यामुळे. त्यांचा जन्म १८८५ साली पनवेलचा. आपल्या मंडळींना जवळचे म्हणून सांगतो, त्यांच्या शिक्षणाचा काही काळ देवासला गेला. त्यांनी आत्मचरित्रात दिलेली वंशाची हकीकत अशी: एक पूर्वज नाशिककडच्या धोडप किल्ल्याचा किल्लेदार, म्हणून घराणे धोडपकर. पणजोबा पालीला राहिले, आजोबा पनवेलला आले. वडील पनवेलकर लावू लागले. मुलाला शाळेत घालताना मात्र वडिलांनी ठाकरे हे जुने घराण्याचे नाव लिहिले. पुढे प्रबोधनकारांनी इंग्रजीत सही करताना, कादंबरीकार थॅकरे आवडते म्हणून, त्यांच्यासारखे स्पेलिंग घेतले. देवनागरीत नाव होते तेच राहिले. म्हणजे अक्षरे उसनी घेतली आणि नाव स्वतःचेच ठेवले.

भित्तिपत्रकासाठी इथेच सगळ्यात चांगला मजकूर आहे. धोडपकर, पनवेलकर, ठाकरे: तीन आडनावे, घर एकच. आपल्याकडे गाव बदलले की आडनाव बदलायचे, त्यामुळे आडनावांची साखळी लावली की स्थलांतराचा नकाशा तयार होतो. इंग्लंडात उलटे घडले. चौदाव्या शतकाच्या सुमारास तिकडची गावावरची आडनावे गोठली आणि पुढे माणूस कुठेही गेला तरी तेच नाव बरोबर घेऊन गेला. त्यामुळे तिकडचे आडनाव सुरुवातीचे एकच गाव सांगते, मधले मुक्काम नाही. मधले मुक्काम कागदांतून काढावे लागतात. आंबेडकरांचे उदाहरणही याच चौकटीत ठेवता येईल: घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव आंबडवे.

जाता जाता, इंग्रजी नावे आपल्या कानांनी कशी घेतली ते मुलांना दाखवायचे असेल तर इष्टुर फाकडा घ्या. १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याजवळ मारला गेलेला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तो. ‘स्टु’ने सुरू होणारा शब्द मराठी जिभेला जड, म्हणून आधी ‘इ’ आला. जुन्या कागदांत साहेबांची नावे अशी कानावरून लिहिलेली असतात. ज्याला ती वाचायची त्याने डोळ्यांनी नाही, मोठ्याने वाचावीत.

दफ्तरखाना, इंदूर

आता प्रवास. वरचे दोन्ही प्रतिसाद जपून ठेवा, मी फक्त माणसे आणि साली जोडतो.

कादंबरीकारांचे घराणे फ्यूस्टनपासून थोड्याच अंतरावरच्या हॅम्प्सथ्वेट गावचे. (‘थ्वेट’ हाही नॉर्स शब्द, झाडे तोडून मोकळी केलेली जागा.) पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची जमीन कसणारे शेतकरी. घर गावाबाहेर पडले ते शिक्षणामुळे. थॉमस थॅकरे, जन्म १६९३, हॅम्प्सथ्वेटहून ईटनच्या शाळेत, तिथून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला. १७४६ पासून १७६० मध्ये मरेपर्यंत तो हॅरो शाळेचा मुख्याध्यापक होता, शिवाय सरे परगण्याचा आर्चडीकन, म्हणजे चर्चमधला वरिष्ठ अधिकारी. त्याला सोळा मुले. शिक्षक-पाद्र्याच्या पगारात सोळा जणांची सोय लावायची, तर धाकट्यांना ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी हा मार्ग होता. त्यातला विल्यम मेकपीस थॅकरे, म्हणजे कादंबरीकारांचा आजोबा, १७६६ साली बंगालमध्ये आला. सिल्हेटला महसुलाचे काम आणि हत्ती पकडून विकणे, यांवर त्याने दहाएक वर्षांत पैसा केला, १७७६ साली कलकत्त्यात अमेलिया रिचमंड वेब हिच्याशी लग्न केले आणि इंग्लंडला परतला.

त्या लग्नाकडे नीट पाहा. पुढच्या पिढीत एका मुलाचे नाव रिचमंड आणि एकाचे वेब. आईकडची नावे मुलांना पहिले नाव म्हणून द्यायची ही इंग्रजी रीत शोध घेणाऱ्याला मोठी उपयोगाची आहे. एखाद्या इंग्रजाचे पहिले नाव आडनावासारखे वाटले, तर आधी आईचे किंवा आजीचे माहेर त्या नावाचे आहे का ते तपासावे.

आजोबाचे अनेक मुलगे पुन्हा हिंदुस्थानात आले. विल्यम मद्रासकडे महसुलाच्या कामात होता. रिचमंड बंगालमध्ये. त्याचा मुलगा तो कादंबरीकार, जन्म कलकत्ता, १८ जुलै १८११. वडील रिचमंड १३ सप्टेंबर १८१५ ला कलकत्त्यातच वारले आणि पुढच्या वर्षी मुलाला इंग्लंडला पाठवले. आणखी एक भाऊ सेंट जॉन (उच्चार ‘सिंजन’) धारवाडचा कलेक्टर होता. पेशवाई गेल्यावर तो मुलूख कंपनीकडे आला होता. दत्तकाच्या वादात कित्तूरची राणी चेन्नम्मा हिच्या फौजेशी झालेल्या लढाईत, २३ ऑक्टोबर १८२४ ला, तो मारला गेला. कित्तूरच्या इतिहासात जो थॅकरे येतो तो हाच, कादंबरीकारांचा काका. फिरत्या संदेशांत या दोघांची गल्लत फार होते.

तिसरा दावा एका वाक्यात पडतो: कादंबरीकारांना मुलगा नव्हता. तीन मुली झाल्या, एक तान्हेपणी गेली, दोघींच्या लग्नानंतर आडनावे बदलली. त्यांचे वंशज आहेत, पण थॅकरे आडनावाने त्यांच्यापासून उतरलेले कोणी असूच शकत नाही.

घराण्याची दुसरी मोठी पांगापांग कंपनीमुळे नाही, लीड्सच्या गिरण्यांमुळे झाली. डोंगराळ खोऱ्यातले लोक लोकर आणि कापडाच्या धंद्यासाठी पंधराएक मैलांवरच्या शहरात उतरले. चार्ल्स टर्नर थॅक्रा हा कामगारांच्या आजारांवर लिहिणारा लीड्सचा शल्यवैद्य (१७९५–१८३३) त्याच मुलखातला. लीड्सचे थॅक्रे वैद्यक संग्रहालय ज्या कुटुंबाच्या शस्त्रक्रियेची अवजारे करणाऱ्या कंपनीवरून ओळखले जाते तेही तिथलेच. तिन्ही स्पेलिंगे वेगवेगळी, मूळ जागा एक. आडनावाच्या स्पेलिंगवरून शाखा ठरवू नये. स्पेलिंग पाद्री किंवा कारकून ठरवी, आणि एकाच माणसाच्या बाप्तिस्म्यात एक, लग्नात दुसरे असे सर्रास सापडते.

वाचनवेल, इंदूर

किती नेमके सांगितलेत सगळ्यांनी. मुले दोन दिवस हेच वाचत आहेत. आता त्यांनी स्वतः एका संकेतस्थळावर थॅकरे शोधले, तर निकालात टकर, ठाकूर, अगदी ठाकरेसुद्धा आले. ‘मग नाते आहेच की’ असे एका मुलाचे म्हणणे. हे का होते?

खूणगाठ, वडोदरा

हे साउंडेक्समुळे होते. मुलाला वहीवर करून दाखवा, पाच मिनिटांत कळेल.

साउंडेक्स ही नावांना आवाजावरून सांकेतिक अंक देण्याची पद्धत. पहिले अक्षर तसेच ठेवायचे. ए, ई, आय, ओ, यू, वाय, एच, डब्ल्यू गाळायचे. उरलेल्यांना अंक: बी, एफ, पी, व्ही यांना १, सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २, डी, टी यांना ३, एल ला ४, एम, एन यांना ५, आर ला ६. एकाच अंकाची अक्षरे लागून आली तर अंक एकदाच. एकूण तीन अंक हवेत, कमी पडले तर शून्य.

थॅकरे: टी राहिला, एच आणि ए गेले, सी आणि के लागून आले म्हणून एकच २, ई गेला, आर चा ६, शेवटचे ए, वाय गेले. उत्तर टी-२६०. ठाकरे हे के-आर-ई असे साधे लिहिले तरी टी-२६०. ठाकूर टी-२६०. टकर टी-२६०. छपरे शाकारणारा थॅकरही टी-२६०. आणि आता थॅचर करा: टी, मग ए नंतरच्या टी चा ३, सी चा २, आर चा ६. टी-३२६. म्हणजे ज्यांच्या शब्दाचे मूळ खरोखर एक आहे ते थॅकर आणि थॅचर वेगळे पडले, आणि ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही ते ठाकूर आणि टकर एका टोपलीत आले. हे यंत्र कारकुनाची चूक पकडण्यासाठी केलेले आहे, नाते सांगण्यासाठी नाही.

म्हणून ‘जवळचे उच्चार’ हा पर्याय बंद ठेवा आणि तारांकन (*) वापरा, त्या जागी कोणतीही अक्षरे चालतात. टी, एच, ए, सी, के लिहून पुढे तारांकन, मग आर, मग पुन्हा तारांकन. यात ई असलेले, ई नसलेले, मधे डब्ल्यू असलेले आणि शेवटी एच असलेले असे सगळे येतात, ठाकूर आणि टकर येत नाहीत. थॅकर अजून येईल, तो हाताने काढा. कलकत्त्याच्या थॅकर, स्पिंक कंपनीच्या ‘थॅकर्स डिरेक्टरी’मुळे हिंदुस्थानच्या नोंदींत हा थॅकर फार भेटतो. दुसरा शोध टी ऐवजी एफ घालून करा. जुन्या वळणात मोठा टी आणि एफ सारखे दिसतात आणि नकलणारा फसतो. तिसरा, ‘थॅकवे’ हे आडनाव. ते स्वतंत्र नाव आहे, पण डब्ल्यूवाल्या थॅक्रेतला आर वाचायचा राहिला तरी थॅकवेच तयार होते, म्हणून मूळ पानाचे चित्र उघडून पाहिल्याशिवाय घ्यायचे नाही.

दफ्तरखाना, इंदूर

खूणगाठ यांच्या पुढे, कागद कोणत्या क्रमाने पाहायचे ते लिहितो. नेहमी आजकडून मागे जायचे. प्रसिद्ध पूर्वज धरून तिथून खाली उतरू लागले की दोन वेगळी घराणी एकमेकांना चिकटतात.

जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद इंग्लंडात १ जुलै १८३७ पासून आहे. जुन्या छापील सूचीत आईचे माहेरचे नाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच दिसते. सरकारी नोंदणी कार्यालयाच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत मात्र ते १८३७ पासून आहे. एकाच गावात चार विल्यम थॅक्रे असतील, तर भावंडे वेगळी काढायला हीच सूची लागते.

जनगणना दर दहा वर्षांनी, नावानिशी १८४१ पासून. १८४१ मध्ये दोन खड्डे आहेत. पंधरा वर्षांवरच्यांचे वय पाचच्या पटीत खाली आणून लिहायला सांगितले होते, त्यामुळे ३४ वर्षांचा माणूस ३० चा दिसतो. आणि जन्मगाव नाही, फक्त ‘याच परगण्यात जन्मला का’ याचे हो-नाही. १८५१ पासून गाव मिळते. १८८१ ची जनगणना फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. त्या वर्षाचे थॅक्रे परगण्यांप्रमाणे मोजून मुलांना रंगवायला सांगा, वेस्ट रायडिंगमध्ये रंग दाटेल. १९३१ ची जनगणना आगीत गेली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. मुलांना ती सापडली नाही तर दोष त्यांच्या शोधाचा नाही.

१८३७ च्या मागे पॅरिशच्या वह्या, त्या १५३८ पासून. १५९८ पासून त्यांची नक्कल बिशपकडे जात असे, मूळ वही भिजली-फाटली असेल तर नक्कल पाहावी. १७५४ पासून लग्ने आणि १८१३ पासून बाप्तिस्मे-दफने छापील रकान्यांत आहेत, त्यामुळे वाचायला सोपी. त्याआधी पाद्री जसे लिहील तसे. यॉर्कशरचे मात्र भाग्य आहे. विल्यम डेड नावाच्या यॉर्कच्या पाद्र्याने १७७० च्या सुमारास सविस्तर वह्यांची पद्धत घातली आणि १७७७ मध्ये आर्चबिशप मार्कम यांनी ती साऱ्या धर्मप्रांतात नेली. ज्या पॅरिशने ती पाळली तिथे बाळाच्या बाप्तिस्म्यात दोन्हीकडचे आजी-आजोबा, त्यांची गावे आणि धंदेही मिळतात. एका नोंदीत तीन पिढ्या. १८१२ पर्यंतच हे सुख आहे.

तारखांचा एक घोळ नेहमी होतो. १७५२ पूर्वी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलत असे. १० फेब्रुवारी १७२३ असे लिहिलेले असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२४. न समजल्यास मूल आईबापांच्या लग्नाआधीच जन्मलेले दिसते, आणि लोक ती नोंदच टाकून देतात. दोन्ही वर्षे तिरक्या रेघेने लिहावीत, १७२३/२४ अशी.

मृत्युपत्रे फ्यूस्टन-हॅम्प्सथ्वेटची असतील तर थेट यॉर्कला शोधू नका. ही गावे नेर्झबराच्या राखीव वनात येत आणि तिथल्या मृत्युपत्रांची शहानिशा नेर्झबराचे स्थानिक न्यायालय करी. यॉर्कच्या बोर्थविक या अभिलेखागारात ‘नाही’ असे उत्तर आले म्हणजे मृत्युपत्र नव्हते असे नाही. सगळ्यात मागचा थर १३७९ च्या पोल टॅक्सचा, म्हणजे माणशी कराचा. वेस्ट रायडिंगच्या त्या याद्या चांगल्या टिकल्या आहेत, छापूनही निघाल्या आहेत. त्यात आडनावाआधी ‘डी’ म्हणजे ‘अमुक गावचा’ लागलेला दिसतो. तोच त्यांचा ‘कर’.

वाचनवेल, इंदूर

आणि हिंदुस्थानातला दुवा? समजा महूच्या दफनभूमीतल्या दगडावर एखादे इंग्रजी आडनाव वाचले, तर तिथून त्याच्या मूळ गावापर्यंत जाता येते का? मुलांना थॅकरे झाल्यावर तेच करायचे आहे.

दफ्तरखाना, इंदूर

जाता येते. आधी दगड नीट वाचा.

तारेचा ब्रश, आम्ल, खडू, पीठ यांतले काहीही दगडाला लावायचे नाही. मऊ कुंचल्याने माती झाडायची. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात जा, आणि ऊन पडत नसेल तर एका मुलाने मोठा आरसा धरून उजेड दगडाच्या कडेने, जवळपास समांतर पाडायचा. समोरून सपाट दिसणारी अक्षरे लगेच सावली धरतात. संगमरवरावर शिशाची अक्षरे बसवलेली असतील तर ती बरीचशी गळून पडलेली असतात, पण ती धरून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक भोके राहतात. त्या भोकांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येते: उभ्या ओळीत भोके आणि डोक्यावर आडवी ओळ असेल तर टी, दोन उभ्या ओळी आणि मधे जोड असेल तर एच. आधी कागदावर भोके जशीच्या तशी टिंबांनी उतरवा, अर्थ नंतर लावा. पलटणीचा आकडा आणि हुद्दा आडनावाइतकेच महत्त्वाचे, कारण पुढचा कागद त्यावरून ठरतो.

मग लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयातल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी. चर्चच्या वार्षिक याद्या तीन मालिकांत आहेत: एन/१ बंगाल, १७१३ पासून, एन/२ मद्रास, १६९८ पासून, एन/३ मुंबई, १७०९ पासून. महू छावणी १८१८ च्या मंदसौर तहानंतर वसली. मुलूख मध्य हिंदुस्थानचा, पण तिथे मुंबईकडच्या फौजेच्याही पलटणी असत. म्हणून महूचा माणूस एन/१ मध्ये नसला तर एन/३ पाहिल्याशिवाय थांबू नका. या नोंदींचा मोठा भाग फाइंडमायपास्ट या सशुल्क संकेतस्थळावर चित्रांसह आहे. ‘फिबिस’ या संस्थेची सूची फुकट शोधता येते, आधी तिथे पाहून मगच पैसे भरा. हेही लक्षात असू द्या की लंडनला गेल्या त्या नकला. नकलताना नाव बदलले असेल तर दगड खरा धरायचा, आणि दगड उशिरा बसवलेला असेल तर तारखेपुरती नक्कल खरी.

हिंदुस्थानातून इंग्लंडच्या गावात उडी मारायला पूल लागतो. मुलकी नोकर असेल तर जे/१ मालिका: कंपनीत ‘रायटर’ (सुरुवातीच्या पायरीचा मुलकी कारकून) होण्यासाठी केलेले अर्ज, १७४९ ते १८५६. अर्जासोबत वयाचा पुरावा म्हणून गावच्या पाद्र्याने दिलेला बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असे, म्हणजे पॅरिशचे नाव हातात येते. लष्करी अधिकारी असेल तर एल/मिल/९ मधले कॅडेटचे कागद, त्यांतही तसेच दाखले. साधा शिपाई असेल तर भरतीच्या आणि जहाजावर चढण्याच्या याद्या.

नाममूळ, वडोदरा

एक भर घालतो. आडनाव जुळत नाही म्हणून नाते नाही, असेही धरू नये. रिचमंड थॅकरे यांना लग्नाआधी शार्लट सोफिया रड हिच्यापासून एक मुलगी होती. ती कागदोपत्री सारा रेडफील्ड. ना बापाचे आडनाव, ना आईचे. रिचमंड यांच्या मृत्युपत्रात मायलेकींची नावे आहेत, म्हणून दुवा कळतो. कंपनीच्या माणसांच्या घरांत हे वारंवार दिसते, म्हणून बाप्तिस्म्यानंतर लगेच मृत्युपत्रे चाळावीत. हिंदुस्थानात केलेली मृत्युपत्रे एल/एजी/३४ मालिकेत आहेत.

आणि ते ढालीचे चित्र लावू नका. इंग्लंडात मानचिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळते. ते देणारे कॉलेज ऑफ आर्म्स लंडनला १४८४ पासून आहे. ‘तुमच्या आडनावाची ढाल’ म्हणून विकतात ती त्या नावाच्या कुणा एकाची असते, आणि लीड्सच्या गिरणीतल्या थॅक्रेचा तिच्यावर हक्क नसतो. त्या जागी लव्हाळ्याचा एक जुडगा काढा. नावाचा अर्थ तोच आहे.

वाचनवेल, इंदूर

ढाल उतरवली. मुलांनी भित्तिपत्रकाच्या मधोमध वॉशबर्न खोऱ्याचे दोन नकाशे लावलेत, खाली थॅकरेसमोर फ्यूस्टन, हॅम्प्सथ्वेट, हॅरो, सिल्हेट, कलकत्ता, कित्तूर आणि ठाकरेसमोर धोडप, पाली, पनवेल, देवास अशा दोन ओळी. एकीत आडनाव तसेच राहिलेले, दुसरीत बदलत गेलेले. दोन ओळींमध्ये बाण काढायचा का, असे त्यांनी विचारले. मी फक्त स्पेलिंगपुरता तुटक रेघेचा काढायला सांगितला आहे. ठीक ना?

मोडीवाचक, ग्वाल्हेर

ठीक. बाणाच्या टोकाशी ‘फक्त इंग्रजी सही’ एवढे लिहा, आणि पालीपुढे ‘रायगड जिल्हा’ घाला. नाहीतर मारवाडातले पाली समजतील.